कार्ड छापून येईपर्यंत

प्रति,
मा. प्रमुख, परदेशी नागरिक कार्यालय
(दक्षिण जर्मनीतल्या ज्या शहरात मी राहते, तिथलं)

आणि

मा. गृहमंत्री, जर्मन संघराज्य, बर्लिन

स.न.वि.वि.

११ डिसेंबर २०२३ च्या पहाटे कराडला माझे वडील गेले. त्या वेळी मी तुमच्या कार्यालयापासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर, माझ्या घरी होते. पासपोर्ट हातात होता, कामावरून रजा मिळाली होती, तिकिटाचे पैसे भरून झाले होते. माझा जर्मनीत राहण्याचा परवाना वाढवून देत असल्याचं तुमच्याच कार्यालयाने बारा दिवसांपूर्वी मला तोंडी सांगितलं होतं. राहिलं होतं ते फक्त त्या परवान्याचं कार्ड छापून यायचं. त्या कार्डापायी मला वडिलांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही.

याच मजकुराचं जर्मन पत्र तुमच्याकडे वेगळं पाठवलं आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या आईला वाचता यावं म्हणून. ‘कार्ड नव्हतं म्हणजे नेमकं काय नव्हतं गं?’ असं तिने मला अनेकदा विचारलं आहे. आणि माझ्यासारखी जी मुलं-मुली आता सांगली, नाशिक, लातूरहून इकडे यायला निघाली आहेत, त्यांनाही हे निघण्याआधी कळायला हवं.

माझी हकिगत अगदी साधी आहे. माझ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे कुशल कर्मचाऱ्यांना मिळणारा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना, होतं आणि त्याची मुदत १४ नोव्हेंबरला संपत होती. ती मुळात लवकर संपत होती, कारण कार्ड देताना माझा पासपोर्ट जुना होता आणि पासपोर्टच्या तारखेपुढे परवाना देत नाहीत. नवा पासपोर्ट भारतीय वकिलातीतून आधीच काढून घेतला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन अर्ज केला. पगारपत्रकं, नोकरीचा करार, घरभाड्याचा करार, विम्याचा दाखला, सगळं जोडलं. उत्तर म्हणून एक आपोआप येणारा ईमेल आला: अर्ज मिळाला, कृपया चौकशी करू नये. मी चौकशी केली नाही. २९ नोव्हेंबरला टेरमिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळाली. बोटांचे ठसे झाले, सही झाली, फी भरली. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की सगळं व्यवस्थित आहे, कार्ड बर्लिनच्या छापखान्यातून यायला चार ते सहा आठवडे लागतील.

मी तेव्हाच विचारलं होतं, ‘तोवर एखादा कागद द्याल का? फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग?’

त्या म्हणाल्या, ‘गरज नाही. तुमचा मुक्काम कायदेशीर आहे. कार्ड येतंच आहे.’

‘गरज नाही’ हे शब्द माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. त्या बाई वाईट वागल्या नाहीत, त्या खोटंही बोलल्या नाहीत. माझा मुक्काम कायदेशीरच होता. पण तुमच्या शहरात राहणं कायदेशीर असणं आणि देशाबाहेर जाऊन परत येता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली दुसरी गोष्ट कागदाशिवाय होत नाही.

त्या कागदाबद्दल आईला समजेल असं सांगते. जर्मनीच्या परदेशी नागरिक कायद्यात ८१ वं कलम आहे. त्याचं चौथं उपकलम म्हणतं की जुना परवाना संपण्याआधी नव्याचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच मानायचं. आपल्याकडे सोसायट्यांच्या कामात ‘मानीव अभिहस्तांतरण’ असतं ना, बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी कायदा ती दिली असं मानून चालतो, तसाच हा मानीव परवाना. फिक्त्सिऑन या शब्दाचा अर्थ इथे तोच आहे. आणि त्याच कलमाचं पाचवं उपकलम म्हणतं की अर्जाच्या या परिणामाचा दाखला अर्जदाराला द्यायचा आहे. ‘मागितला तर देता येईल’ किंवा ‘गरज वाटली तर द्यावा’ असं तिथे नाही. मी जर्मन बी-टू पातळीपर्यंत शिकले आहे, आणि ते वाक्य त्या आठवड्यात मी पाच-सहा वेळा वाचलं.

दाखला म्हणजे एक घडीचा कागद. त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात. पहिल्या दोन चौकटींपैकी एकीत खूण असेल, तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर पडलात की त्या कागदावर परत येता येत नाही. तिसऱ्या चौकटीत, म्हणजे चौथ्या उपकलमापुढे, खूण असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि प्रवास करता येतो. मात्र सोबत पासपोर्ट आणि ते मुदत संपलेलं जुनं कार्डही लागतं. आमच्यासारखे जे भारतातून रीतसर व्हिसा घेऊन येतात आणि मुदतीत अर्ज करतात, ते या तिसऱ्या चौकटीतले. एवढं सगळं अवलंबून असतं ते पेनाच्या एका फुलीवर. माझ्या ओळखीच्या एका मुलाला, तोही व्हिसा घेऊनच आलेला, चुकून पहिल्या चौकटीत खूण करून दिली होती. ते त्याच्या घरी आल्यावर लक्षात आलं, आणि ती फुली दोन चौकटी खाली सरकायला तीन आठवडे लागले. नाशिकला त्याच्या बहिणीचं लग्न होऊन गेलं.

आता त्या आठवड्याबद्दल.

गुरुवारी, ७ डिसेंबरला, रात्री नऊच्या सुमारास चुलतभावाचा फोन आला. कराडला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. बाबांना पक्षाघाताचा मोठा झटका आला होता आणि ते आयसीयूत होते. शुक्रवारी सकाळी आठपासून मी तुमचा फोन लावत होते. प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रित आवाज सांगायचा की सर्व कर्मचारी व्यग्र आहेत, आणि मग फोन कट व्हायचा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ईमेल केला. विषयाच्या ओळीत ‘नोटफाल’ लिहिलं, म्हणजे तातडीची वेळ. साडेअकराला स्वतः आले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने टेरमिन आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने मला ईमेलच्या पत्त्याची चिठ्ठी दिली. बारा वाजता कार्यालय बंद झालं.

शनिवार, रविवार गेला. रविवार संपून रात्री साडेबारा वाजता फोन आला, तेव्हा तिकडे सोमवारची पहाट झाली होती.

आईने विचारलं, ‘थांबवू का?’ आमच्याकडे परगावच्या लेकीसाठी थांबतात. बर्फाची सोय करतात, माणसं अंगणात बसून राहतात, कोणी घाई करत नाही. मी आईला काय सांगणार होते? उद्या येते म्हणू, की परवा? मी म्हणाले, ‘थांबवू नका. मला कधी सोडतील ते मला माहीत नाही.’ माझी स्वतःची नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, मी कोणताही गुन्हा केलेला नाही, आणि तरी माझ्या तोंडून ‘सोडतील’ हा शब्द गेला. चुलतभावाने अग्नी दिला. मी एकुलती एक. बाबांनी गमतीत नव्हे, खरोखर सांगून ठेवलं होतं की मला अग्नी तू द्यायचास.

त्याच सोमवारी पहाटे पाचला मी तुमच्या दाराशी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे अकरा माणसं होती. एक सीरियन आजोबा घरून घडीची खुर्ची घेऊन आले होते, त्यांनी ती मला बसायला दिली. त्या दिवशी आत जाता आलं नाही. मंगळवारी माझे जर्मन विभागप्रमुख सोबत आले, त्यांच्या भाषेतही उत्तर तेच मिळालं. बुधवारी दुसऱ्या एका सुरक्षारक्षकाने वडिलांचं नाव आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली आणि काही न बोलता आत जाऊन कोणाला तरी बोलावून आणलं.

मग सगळं दहा मिनिटांत झालं. संगणकावर माझी फाइल उघडली, कागद छापला, तिसऱ्या चौकटीत खूण केली, शिक्का मारला. मी १३ युरो भरले. ज्या बाईंनी तो कागद दिला त्या उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेतला आणि ‘माइन बाइलाइड’, म्हणजे ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे’, म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझी तक्रार त्या दहा मिनिटांपर्यंत पोहोचायला लागलेल्या सहा दिवसांबद्दल आहे.

गुरुवारी मुंबईला उतरून गाडीने कराडला पोहोचले, तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. दहाव्याला मी प्रीतिसंगमावर होते. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात, तिथे बाबा मला लहानपणी रविवारी न्यायचे. पिंडाला कावळा लवकर शिवेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. आई माझ्याकडे बघत होती. मी मोठ्याने म्हणाले, ‘बाबा, मला यायचं होतं.’ याहून जास्त मला बोलता आलं नाही.

परतताना दुसरी परीक्षा झाली, आणि ही गोष्ट मंत्रालयासाठी अधिक महत्त्वाची आहे. तेरावं उरकून २७ डिसेंबरच्या रात्री मी मुंबई विमानतळावर आले. चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलाने माझं कार्ड पाहिलं. मुदत संपलेली. मी घडीचा कागद पुढे केला. तो जर्मनमध्ये होता. त्याने असा कागद आधी कधी पाहिला नव्हता. त्याने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी आणखी कोणाला फोन केला. त्यांची भीती मला कळते. योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी जर्मनीत आणला, तर जर्मनीचाच कायदा विमान कंपनीकडून माणशी १,००० ते ५,००० युरो दंड वसूल करतो. एवढी जोखीम पंचविशीतला मुलगा स्वतःवर का घेईल? त्यांनी विचारलं, तुमच्या कार्यालयातून कोणी खात्री करून देईल का? पण नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या त्या दिवसांत तुमचं कार्यालय बंद होतं. मी मोबाइलवर कायद्याचं कलम उघडून दाखवलं. युरोपीय आयोगाकडे जर्मनीने कळवलेल्या परवान्यांच्या यादीत हा कागद आहे, तिसऱ्या चौकटीची आणि जुन्या कार्डाची अट घालून आहे, हे दाखवलं. पाऊण तास मी बाजूला उभी होते, तोवर रांग पुढे सरकत होती. शेवटी मला बोर्डिंग पास मिळाला. फ्रँकफुर्टला सीमा पोलिसाने तोच कागद अर्ध्या मिनिटात पाहिला आणि मला जाऊ दिलं, कारण त्याला तो ओळखीचा होता.

म्हणजे कायदा बरोबर आहे. कागदही बरोबर आहे. फक्त तो वेळेवर हातात पडत नाही, आणि पडला तर जर्मनीच्या सीमेबाहेर त्याला कोणी ओळखत नाही.

तुमच्यावर किती भार आहे याची मला जाणीव आहे. युक्रेनमधून दहा लाखांहून अधिक माणसं या देशाने सांभाळली, आणि त्यांचे कागद याच कार्यालयांतून गेले. देशभरात अशी ५०० हून अधिक कार्यालयं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी माणसं कमी आहेत. पण माझ्या मागणीने तुमचं काम वाढत नाही. रांगेतल्या त्या अकरा जणांपैकी चौघं माझ्यासारखीच होती. त्यांच्या अर्जाबद्दल काही वाद नव्हता, फक्त प्रवासाचा कागद हवा होता. २९ नोव्हेंबरला ठसे देताना तो कागद मला मिळाला असता, तर मी पुन्हा तुमच्या दारात आलेच नसते. तेवढे ईमेल, तेवढे फोन, सुरक्षारक्षकाशी तीन दिवस झालेली हुज्जत, यातलं काहीच घडलं नसतं.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती ही आहे: ज्याच्या जुन्या परवान्याची मुदत संपली आहे आणि कार्ड अजून छापायचं आहे, त्याला ठसे घेताना त्याच टेबलावर दाखला द्या. त्याने मागायची वाट पाहू नका. ‘प्रवास करणार आहात का?’ असं विचारून त्यावर ठरवू नका, कारण आईवडील कधी आजारी पडतील हे टेरमिनच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. १३ युरो आम्ही आनंदाने देऊ. काही शहरांत हे आपोआप होतं, माझ्या मैत्रिणीला तिच्या शहरात ठसे देतानाच मिळालं. मग तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात तोच कायदा वेगळा का चालावा? इथे मंत्रालयाने सगळ्या कार्यालयांना एकसारखी सूचना द्यायला हवी.

आणि जुनं कार्ड कृपया काढून घेऊ नका. काही ठिकाणी नव्याची नोंद केली की जुनं जमा करून घेतात. दाखला त्याच्याशिवाय प्रवासात अपुरा ठरतो.

तातडीच्या वेळेसाठी एक दार ठेवा. रोज सकाळी एक तास पुरे. आजारपणाची किंवा मृत्यूची चिठ्ठी दाखवली की टेरमिन न विचारता आत घ्यावं, एवढंच. निर्णयाला उशीर झाला तर तीन महिन्यांनी प्रशासकीय न्यायालयात जाता येतं, हे मला वकिलांनी सांगितलं. आयसीयूत वडील असणाऱ्या माणसाला तीन महिन्यांचा काय उपयोग?

मंत्रालयाला आणखी एक सांगायचं आहे. हा दाखला जगभरच्या चेक-इन काउंटरांवर ओळखला जाईल असं काही तरी करा. सुट्टीच्या दिवशीही उचलला जाणारा एक फोन क्रमांक, किंवा दाखल्यावर स्कॅन करून खात्री करता येईल असा कोड. नेदरलँड्समध्ये कार्डाची वाट पाहणाऱ्याला परतीचा व्हिसा पासपोर्टमध्ये चिकटवून देतात, तो पाहून विमान कंपनी फारसे प्रश्न विचारत नाही. जर्मनीला हे जमणार नाही असं मी मानत नाही. ज्या देशाने २०११ पासून चिप असलेलं मुक्काम कार्ड चालवलं आहे, त्याला एका कागदावर कोड छापता येईल.

मी हा विषय माझ्या एकटीच्या दुःखापुरता धरलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतातल्या कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. १०,००० मुलामुलींना पाठवायचं ठरलं, नर्सपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत, आणि गावोगावी जर्मन भाषेचे वर्ग सुरू करण्याच्या घोषणा झाल्या. ती मुलं येतील तेव्हा त्यांचे आईबाप पन्नाशी-साठीत असतील. त्यांच्या शिकवणीत डेर-डी-डास ही जर्मन नामांची लिंगं शिकवतील, पण तिसऱ्या चौकटीबद्दल कोणी सांगणार नाही. बोलावणाऱ्या देशाने हेही पाहावं की आलेल्या माणसाला घरी जाऊन परत येता यायला हवं. कामासाठी बोलावलेल्या माणसाच्या मागे घर असतंच.

आणि तुम्ही, जे अजून यायचे आहात: मुदतीच्या आधी अर्ज करा, पोच जपून ठेवा, ठसे देताना दाखला मागा, ‘गरज नाही’ म्हणाले तरी ८१ व्या कलमाचं पाचवं उपकलम दाखवून मागा. हातात पडला की टेबलावरून उठायच्या आत तिसरं पान उघडून बघा. जुनं कार्ड देऊ नका. मी हे सगळं एका आठवड्यात शिकले, तुम्हाला तसं शिकावं लागू नये.

माझं नवं कार्ड जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. त्या वेळी तुमच्या कार्यालयाकडून एक छोटा ईमेल आला होता, ‘आपलं कार्ड घेऊन जावं’. मी गेले, सही केली, घेतलं.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीतला इचलकरंजीचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचे ठसे होऊन तीन आठवडे झाले आहेत, आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि त्याला काउंटरवर सांगितलं गेलं आहे की कागदाची गरज नाही, कार्ड येतंच आहे. तेच वाक्य, त्याच कार्यालयात. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

या पत्राची जर्मन प्रत मी आपल्या शहराच्या परदेशी नागरिकांच्या सल्लागार मंडळाला दिली आहे आणि त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं मान्य केलं आहे. तुमच्या कार्यालयातून त्या दिवशी कोणीतरी यावं अशी विनंती आहे. ज्या बाईंनी मला तो कागद दिला त्या आल्या तर मला फार बरं वाटेल. तो इचलकरंजीचा मुलगाही असणार आहे. त्याचा दाखला त्याआधी द्या. त्याच्या आईचं ऑपरेशन बैठकीच्या आठ दिवस आधी आहे.

आपली,
कराडची एक लेक, तुमच्या शहराची रहिवासी